"लस घेतली होती की हो त्यानं!" : बीपीच्या माणसांसाठी थोडा हिशेब



गेली चार-पाच वर्षे आपल्या भागात कुणी पन्नाशी-साठीचा माणूस अचानक गेला, की सावडायला जमलेल्या मंडळींत एक वाक्य हमखास कानावर येते. "लस घेतली होती की हो त्यानं." एवढे बोलले की विषय संपतो. त्याचे बीपी किती होते, गोळी चालू होती की दिवाळीपासून बंद होती, तंबाखू किती खायचा, बापाला अन् भावाला काय झाले होते, हे कुणी पुसत नाही. जतच्या पूर्व भागात हे वाक्य ऐकायला मिळते, तेच कोरेगावच्या बाजारात आणि तेच पाटण खोऱ्यात.

मी शेती खात्यातला माणूस, कृषी पदविका घेतलेला. डॉक्टर नव्हे. पण हल्ली गावात गेले की बियाण्या-खताच्या बरोबरीने बीपी-शुगरचे प्रश्न विचारले जातात. कोरोनाची लस घेतल्याने बीपी वाढले का, आता कुठली लस घ्यावी की नको, असे विचारणारे तर फार. म्हणून वाचून आणि आरोग्य खात्यातल्या जाणत्या मंडळींना विचारून जे पक्के समजले तेवढेच इथे मांडतो.

जुलै २०२५ मध्ये या चर्चेला पुन्हा फोडणी मिळाली. शेजारच्या कर्नाटकात हासन जिल्ह्यात साधारण ४० दिवसांत वीसहून जास्त माणसे हृदयविकाराने गेल्याच्या बातम्या आल्या आणि खुद्द मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी कोरोना लशीला घाईने दिलेल्या मंजुरीकडे बोट दाखवले. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आयसीएमआर आणि दिल्लीच्या एम्सचे अभ्यास पुढे ठेवून ते नाकारले. पुढे कर्नाटक सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञांनाही लशीशी थेट संबंध आढळला नाही. पण आपल्या बाजारांत पहिली बातमी पोचली, दुसरी वाटेतच राहिली. कर्नाटकातला भाऊबंद असलेल्या जतकरांनी तर ती फोनवरून त्याच रात्री ऐकली.

मित्रहो, "लशीनंतर झाले" आणि "लशीमुळे झाले" या दोन गोष्टी निराळ्या आहेत. द्राक्षबागेला सोमवारी खताचा डोस दिला आणि मंगळवारी गारपीट झाली, तर तासगावचा बागायतदार दुकानदाराला शिव्या देत नाही. गारा कशाने पडतात हे त्याला ठाऊक असते. माणसाच्या शरीराच्या बाबतीत मात्र आपण ही अक्कल बाजूला ठेवतो.

थोडा आकड्यांचा हिशेब करू. महाराष्ट्रात वर्षाला दर हजार लोकसंख्येमागे पाच-सहा मृत्यू होतात. चार हजार वस्तीच्या गावात म्हणजे वर्षाला वीस-चोवीस, महिन्याला साधारण दोन. लस असो वा नसो, हे होतच असतात, आणि त्यात बहुतेक वयस्क माणसेच असतात. आता त्या गावात शिबिर झाले आणि जवळपास सगळ्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी लस टोचून घेतली, तर पुढच्या महिन्यात जे दोघे जातील ते "लस घेतलेले"च असणार. दुसरे कोण उरले आहे?

त्यातून आपल्याकडे लस दिली ती याच क्रमाने. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना आणि ४५ वर्षांपुढील गंभीर जोडदुखणी असलेल्यांना, मग १ एप्रिलपासून ४५ पुढच्या सर्वांना. म्हणजे ज्यांना हृदयविकार, लकवा व्हायची शक्यता जास्त तीच माणसे रांगेत पुढे होती. हे बरोबरच होते, कारण कोरोनाने बळी जाणाऱ्यांतही तीच पुढे होती. पण बदनामीची बीजेही याच रांगेत पेरली गेली.

दुसरी गोष्ट मापाची. पुष्कळ जण सांगतात, "लस घेईस्तोवर मला बीपी नव्हतं." यातल्या किती जणांनी त्याआधी कधी बीपी मोजून घेतले होते? २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ वर्षांवरील पुरुषांत शंभरात २४ आणि स्त्रियांत २१ जणांचा रक्तदाब वाढलेला किंवा गोळ्या चालू असलेला आढळला. यातल्या बऱ्याच जणांना ते माहीतही नसते, कारण बीपी दुखत नाही. विहिरीचे पाणी खाली गेलेले दोर टाकल्यावरच कळते. कोरोनाच्या निमित्ताने अनेकांच्या दंडाला पहिल्यांदा पट्टा बांधला गेला आणि आत दहा वर्षे बसलेले दुखणे त्या दिवशी सापडले. सापडलेल्या दिवसालाच लोक झालेला दिवस समजले.

आता खरी पारख कशी करायची? आपल्या खात्यात एक साधी रीत आहे. नवीन वाणाचे प्रात्यक्षिक घ्यायचे तर शेजारी त्याच जमिनीत, त्याच पाण्यावर जुन्या वाणाचा प्लॉट ठेवायचा. नुसता एक प्लॉट दाखवून कुणी उत्पन्न वाढले म्हणू लागला तर आपण ऐकून घेत नाही. आयसीएमआरने नेमके हेच केले. देशातल्या ४७ मोठ्या रुग्णालयांतून ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळात अचानक दगावलेल्या १८ ते ४५ वयाच्या ७२९ धडधाकट माणसांची माहिती घेतली. आणि जोडीला त्याच परिसरातली, त्याच वयाची, जिवंत असलेली २,९१६ माणसे घेतली. दोन्हींची तुलना केली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की लस घेतल्याने अचानक मृत्यूचा धोका वाढलेला नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो उलट कमी दिसला. धोका वाढलेला दिसला तो कोरोनाने दवाखान्यात भरती व्हावे लागलेल्यांत, घरात पूर्वी कुणी अचानक गेलेल्यांत, आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू प्यालेल्यांत, नशा करणाऱ्यांत आणि आदल्या दोन दिवसांत अंगाबाहेरचे कष्ट किंवा व्यायाम केलेल्यांत.

इथे एक इमानदारीची गोष्ट सांगितली पाहिजे. हा अभ्यास ४५ पर्यंतच्या वयाचा आहे. आपल्याकडचे बीपीचे बहुतेक रुग्ण त्याहून थोर आहेत. तेव्हा एका प्लॉटच्या निकालावर सगळे शिवार मोजू नये. पण पंचेचाळीसच्या आतला माणूस अचानक गेला म्हणून जी ओरड होते, तिला हे सरळ उत्तर आहे.

याचा अर्थ लशीचा त्रासच नसतो असा नव्हे. तसे सांगणाऱ्यांनीच घोटाळा वाढवला. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा आपण जनावरांना लस टोचून घेतली. काही गायींच्या मानेला गाठ आली, एक-दोन दिवस कणकण राहिली, दुधाची धार आटली. कुणी डॉक्टरला मारायला धावले नाही, कारण लम्पीने पडलेली जनावरे लोकांनी डोळ्यांनी बघितली होती आणि लशीनंतर गाठ येते हे पशुवैद्यकाने आधीच सांगितले होते. माणसांच्या लशीत हे आधी सांगणे राहून गेले. "पूर्ण सुरक्षित, काही होत नाही" असे भोंग्यावरून पुकारले आणि रात्री ताप चढला की माणूस म्हणणार, आपल्यापासून काहीतरी लपवले.

मग बीपीवाल्यांना नेमके काय होऊ शकते? दंड दुखणे, ताप, अंग मोडून येणे, डोके धरणे हे इतरांसारखेच. रक्तदाब तात्पुरता वाढल्याच्याही नोंदी आहेत, त्या नाकारण्याचे कारण नाही. स्वित्झर्लंडमधील लोझान इथल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नऊ जणांची हकिगत प्रसिद्ध केली. लस टोचल्यावर काही मिनिटांतच त्यांचा रक्तदाब फार वर गेला. बहुतेक जण वयस्क आणि आधीपासून बीपीचे रुग्ण होते. सगळे बरे झाले. त्या लशी फायझर-मॉडर्नाच्या, आपल्याकडे दिलेल्या नव्हेत. २०२२ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी सहा अभ्यास एकत्र करून साडेतीन लाखांवर लोकांची माहिती तपासली. त्यात शंभरात सुमारे तीन जणांत लशीनंतर रक्तदाब वाढल्याची नोंद मिळाली. पण त्यात सुईची भीती किती, दुखण्याने वाढलेले किती, सकाळची गोळी न घेतल्याने वाढलेले किती, हे वेगळे काढणे अवघड असते. रांगेत दोन तास उभा राहून धास्तावलेल्या माणसाचे बीपी मोजले तर ते वाढलेलेच दिसणार.

रक्ताच्या गाठींचे प्रकरण वेगळे, आणि ते बीपीशी जोडू नये. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोविशील्ड म्हणजे मूळची ॲस्ट्राझेनेका कंपनीची लस. तिच्यानंतर क्वचित रक्तात गाठी होतात आणि प्लेटलेट घटतात, हे २०२१ मध्येच उघड झाले होते. त्या वर्षी मे महिन्यात आपल्या राष्ट्रीय समितीने ४९८ गंभीर प्रकरणे तपासून २६ प्रकरणांत गाठींची शक्यता सांगितली. कोविशील्डच्या दर दहा लाख डोसमागे हे प्रमाण ०.६१ होते. इंग्लंडात ४, जर्मनीत १० सांगितले गेले. आपल्याकडे सगळ्या नोंदी झाल्या असतील असे मला वाटत नाही, पण आकडा दुप्पट-चौपट धरला तरी तो लाखात एकाच्या आत राहतो. पुढे एप्रिल २०२४ मध्ये इंग्लंडच्या कोर्टातले कंपनीचे निवेदन बातम्यांत आले आणि आपल्याकडे जणू नवे भांडे फुटले असा गवगवा झाला. तोवर कोविशील्डचे उत्पादन बंद होऊन दोन वर्षे उलटली होती. शिवाय असा त्रास होतो तो लशीनंतर पहिल्या काही आठवड्यांत. २०२१ ची लस २०२५ मध्ये गाठ करते, असे कुठे दिसलेले नाही.

उलट बाजूही पाहा. इंग्लंडमध्ये २ कोटी ९० लाख लस घेतलेल्यांची माहिती ऑक्सफर्डच्या मंडळींनी २०२१ मध्ये तपासली. त्यांना लशीपेक्षा कोरोना झाल्यावर गाठी होण्याचा धोका कितीतरी जास्त आढळला. आपल्या दोन जिल्ह्यांना हे वेगळे सांगायला नको. मार्च २०२० मध्ये तेव्हाच्या इस्लामपुरात, आजच्या ईश्वरपुरात, साथीने पहिली धडक दिली होती. दुसऱ्या लाटेत बाकी राज्य मोकळे होऊ लागले तरी ऑगस्ट २०२१ मध्ये निर्बंध कायम राहिलेल्या अकरा जिल्ह्यांत सातारा आणि सांगली दोन्ही होते. त्याच पावसाळ्यात कृष्णेचा पूर आणि पाटणच्या डोंगरात दरडी. ऑक्सिजनचा बेड मिळावा म्हणून मिरज-कराडच्या वाऱ्या केलेली माणसे आज लशीला शिव्या देतात, याचे नवल वाटते.

आता माझ्या मते खरे दुखणे कुठे आहे ते सांगतो. लशीच्या भीतीपायी बीपीची माणसे तीन उलटे उद्योग करतात. पहिला म्हणजे लशीच्या दिवशी "दोन औषधं अंगात भिडायला नकोत" म्हणून बीपीची गोळी बंद करतात. काही जण मग ती आठवडाभर घेत नाहीत. हे निखालस चुकीचे आहे. गोळी रोजच्या वेळेला घ्यायची, लशीच्या दिवशीसुद्धा.

दुसरा उद्योग जास्त घातक. अंग दुखते म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक, ब्रुफेन किंवा त्यांची मिश्रणे असलेली गोळी आणून खातात, नाहीतर अंगदुखीचे इंजेक्शन मारून घेतात. या औषधांनी अंगात मीठ-पाणी साठते, रक्तदाब वाढतो, बीपीच्या गोळीचा असर कमी होतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. आणि मग नाव जाते लशीचे. ताप-अंगदुखीला साधी पॅरासिटामॉल पुरते. कंबरदुखीसाठी वर्षानुवर्षे अशा वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्या ऊसतोड आणि भांगलणीच्या माणसांनी हे लशीशिवायही ध्यानात ठेवावे. आपल्या भागात बीपी ताब्यात न येण्याचे हे फार मोठे आणि कुणी न बोललेले कारण आहे, असे मला वाटते.

तिसरा उद्योग म्हणजे लस घेतली की लगेच रानात. एप्रिल छाटणी असो की आल्याची लागण, काम थांबत नाही हे मला कळते. पण अंगात ताप असताना पंप पाठीवर घेऊन उन्हात औषध मारू नये. दोन दिवस हलके काम करावे, पाणी भरपूर प्यावे. केंद्रावर अर्धा तास बसायला सांगतात तो वेळ जाऊ द्यावा. गंभीर ॲलर्जी झालीच तर ती बहुधा त्याच वेळात होते आणि तिथे त्यावरचे इंजेक्शन तयार असते. मार्च २०२१ मध्ये लस घेतलेल्या ६८ वर्षांच्या एका गृहस्थाचा मृत्यू अशा ॲलर्जीने झाल्याचे राष्ट्रीय समितीने जून २०२१ मध्ये मान्य केले. तपासलेल्या ३१ गंभीर प्रकरणांत लशीशी जोडता आलेला मृत्यू तो एकच होता.

रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर सिस्टरला आधी सांगावे. सुई टोचलेली जागा चोळू नये, नुसती दाबून धरावी. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू आणि मशेरी नको. (मशेरी लावलेल्या बाईचे बीपी वाढलेले दिसले की "मला भीतीनं वाढलं" म्हणतात. भीतीने नव्हे, मशेरीने.) पाच मिनिटे पाठ टेकून बसावे, मग मोजावे. १४०/९० च्या वर वारंवार येत असेल तर उपचार हवा. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे असेल तर त्या दिवशी डॉक्टरांचे ऐकावे. लस आठ दिवसांनी घेतली तरी चालते, बीपी आधी खाली आले पाहिजे. छातीत दुखणे, एक बाजू लुळी पडणे, बोबडी वळणे, दम लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, न थांबणारी डोकेदुखी, अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, यांपैकी काही झाले तर घरी लिंबू-पाणी करीत बसू नका. लस घेतलेली असो नसो, तडक दवाखाना गाठा.

गोळ्या महाग पडतात ही सबब आता नको. देशपातळीवर २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून सुरुवातीला सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा यांच्याबरोबर आपला सातारा घेतला होता. ठरलेल्या थोड्याच गोळ्या, त्या गावाजवळच फुकट आणि नावानिशी नोंद, असे त्याचे स्वरूप. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, बीपी फुकट मोजतात. अडचण होते ती रुग्ण दोन महिने गोळी खाऊन "आता बरं वाटतंय" म्हणून सोडतो तिथे. ठिबक बसवून व्हॉल्व्ह बंद ठेवण्यातला हा प्रकार.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील मंडळींना दोन शब्द. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात लस नसेल तर रेशन नाही, पेट्रोल नाही असा आदेश निघाला होता. टोचणीचे आकडे वाढले असतील, पण अशा सक्तीने विश्वास वाढत नाही. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कुणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही. लसीकरणाचे धोरण गैर आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. त्रासाच्या नोंदी लोकांना स्वतः करता याव्यात आणि नावे न फोडता त्या सर्वांना पाहता याव्यात, असेही सांगितले. नुकसानभरपाईबाबत मात्र केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायालयात हात वर केले. हे मला पटत नाही. गारपिटीचा पंचनामा होतो, विजेने बैल मेला तर मदत मिळते. मग सर्वांच्या भल्यासाठी घेतलेल्या लशीने लाखात एखाद्याला इजा झाली तर त्याला दिवाणी कोर्टाची पायरी दाखवणे बरे नव्हे. इंग्लंडात अशा सिद्ध झालेल्या प्रकरणी १ लाख २० हजार पौंड देण्याची तरतूद आहे.

हा जुना विषय उकरून काढण्याचे कारण आजचे आहे. कोरोना लशीवरचा राग आता सगळ्याच सुयांवर निघतो आहे. कुत्रे चावले, पण "मला बीपी आहे, इंजेक्शन नको" म्हणणारे भेटतात. बीपी असले तरी रेबीजची लस घ्यायचीच, कारण रेबीज एकदा झाला की माणूस वाचत नाही. जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी पहिला डोस घ्यावा. सरकारी दवाखान्यात तो पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी कातडीत देतात. खुरपे, विळा लागल्यावर धनुर्वाताच्या इंजेक्शनाचेही तसेच. फ्लूच्या लशीबाबत तर उलटाच अनुभव आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या अडीच हजारांवर रुग्णांवर आठ देशांत चाचणी झाली, त्यात बांगलादेशही होता. २०२१ मध्ये तिचा निकाल आला. लस दिलेल्यांत वर्षभरातले मृत्यू कमी होते. बीपी-हृदयाच्या रुग्णांनी पावसाळ्याआधी आपल्या डॉक्टरांना हे विचारून पाहावे.

आणि लशीनंतर त्रास झालाच तर पारावर बोलून सोडून देऊ नका. सिस्टरला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा, तिथून ते जिल्ह्याच्या समितीकडे जायला हवे. लशीचे नाव, तारीख, वेळ, बॅच नंबर, त्रास किती तासांनी सुरू झाला, त्या दिवशीचे बीपी आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका कागदावर लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिबिराच्या दिवशी ग्रामपंचायतीने फळ्यावर बॅच नंबर आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांचा फोन लिहून ठेवला, तर निम्मे काम तिथेच होईल.